बर्फ पुढच्या तिकिटावर

आमच्या दाजींचा काश्मीरवर राग आहे. त्यात राजकारण अजिबात नाही, द्राक्षं आहेत. निफाडजवळ दाजींची चार एकर बाग. हिवाळ्यात पेपरात 'काश्मीरमध्ये बर्फवृष्टी' असा मथळा आला की उरलेला महाराष्ट्र फोटो बघून 'अहाहा' म्हणतो. दाजी फोटोकडे बघतही नाहीत. ते उठून घरामागे सरपण किती शिल्लक आहे ते बघून येतात. कारण तिकडे बर्फ पाडून ढग पुढे सरकले, आभाळ मोकळं झालं, की उत्तरेचा कोरडा गार वारा खाली सुटतो आणि दोन-तीन दिवसांत निफाडचा पारा पाच-सहा अंशांच्या घरात येऊन बसतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा राज्यभर छापून येतो. नाशिककरांना त्याचा अभिमान वाटतो, गव्हाला तो मानवतो, द्राक्षांना मात्र सोसत नाही. मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, आणि दाजी पहाटे तीनला उठून, कानाला मफलर गुंडाळून, बागेत शेकोट्या पेटवत फिरतात.

त्यामुळे आम्ही जानेवारीत गुलमर्गला निघालो आहोत हे त्यांना सांगणं म्हणजे कर्जदाराला 'सावकाराकडे लग्नाला चाललोय' असं सांगण्यासारखं होतं.

"कशाला चाललात, शालकराव?"

"बर्फ बघायला, दाजी."

"बघायलाच ना? मग बघून या. पाडून घेऊ नका."

मी शब्द दिला. माझ्या सांगण्यावरून घरात पंख्याचं बटणसुद्धा कोणी बंद करत नाही, तिथे आभाळ कशाला ऐकतंय, असा माझा हिशोब होता.

खरं तर बर्फाच्या बाबतीत मराठी माणूस अगदीच कोरडा. पावसाचं आपल्याला सगळं ठाऊक. रिमझिम, भुरभुर, पिरपिर, झड, मुसळधार, वळीव, अवकाळी. शिवाय पंचांगात प्रत्येक नक्षत्राला वाहन: बेडूक, म्हैस, हत्ती. पाऊस कसा पडतो हे तर आपण सांगतोच, पण कशावर बसून आला तेही सांगतो. बर्फाला मात्र एकच शब्द. रसवंतीतली लादी म्हणजे बर्फ, फ्रीजच्या ट्रेमध्ये चिकटून बसलेला तोही बर्फ, काडीला लावून चोखायचा गोळा बर्फाचा, बाजारात पापलेटाच्या खाली पसरलेला बर्फ, आणि हिमालयात आभाळातून उतरतो तोही बर्फच. 'हिम' हा शब्द आहे, पण तो कवितेत आणि भूगोलाच्या पेपरात. इतकंच काय, बर्फ 'तो' की 'ते' यावरही एकमत नाही. आमच्या सहलीतल्या 'बर्फ पडला'वाल्यांचा आणि 'बर्फ पडलं'वाल्यांचा वाद विमानात जुंपला, तो श्रीनगरला उतरलो तरी मिटला नव्हता. खाली बघितलं तर बर्फ पडलाही नव्हता आणि पडलंही नव्हतं.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर तंगमर्गपासून चढाचे. तंगमर्गला गाडी थांबली आणि हवामानाचा पहिला अंदाज खिडकीतून आत आला. "ऊपर बहुत बर्फ है साहब, ये गाडी नहीं जाएगी. चेनवाली लेना पडेगा." बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरला लोखंडी साखळी लावलेली ती गाडी. आम्ही ती घेतली. दुसरा अंदाज दुकानातून आला. "ऊपर चार फूट है. ये बूट नहीं चलेगा." आम्ही गमबूट भाड्याने घेतले, आणि अस्वलाने वापरून टाकल्यासारखे दिसणारे कोटही घेतले. बायकोने तो कोट घातल्यावर मी तिला दहा मिनिटं शोधत होतो.

वर पोचलो. रस्ता काळा, कोरडा ठणठणीत. चाकाला लावायची साखळी डिकीत खुळखुळत राहिली. गुलमर्गच्या त्या प्रसिद्ध मैदानावर पिवळं गवत आणि कडेच्या झाडांच्या सावलीत तेवढा वाळत घातलेल्या उपरण्यांसारखा बर्फ. चार फूट म्हणजे लांबी असावी.

"इधर नहीं," घोडेवाला म्हणाला, "थोडा ऊपर है. घोडा लो." घोड्यावरून थोडं वर गेलो. तिथे स्लेजवाला भेटला. "इधर कम है. गोंडोला से जाओ, फेज वन में मिलेगा." गोंडोला म्हणजे रोपवे. त्याच्या फेज वनला, म्हणजे कोंगडोरीला, बर्फ मिळाला, पण कडक, खरवडलेला, लग्नाच्या पंगतीत शेवटच्या रांगेला मिळणाऱ्या जिलबीसारखा. तिथला माणूस वरच्या अफरवटच्या धारेकडे बोट दाखवून म्हणाला, "असली बर्फ तो फेज टू में है." तेव्हा मला गुलमर्गचा मूलभूत नियम सापडला: बर्फ नेहमी पुढच्या तिकिटावर असतो.

संध्याकाळी बुखारीशेजारी बसून मी या सगळ्यांच्या नावाने बोटं मोडत होतो. बुखारी म्हणजे लाकडाची शेगडी, जिच्यासमोर बसलं की छाती भाजते आणि पाठ गोठते. मग सहज आकडे मांडले, आणि थोडा ओशाळलो. गुलमर्गचं मैदान साधारण 2,650 मीटरवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक हजार मीटर. 1998 मध्ये सुरू झालेला गोंडोलाचा पहिला टप्पा तीन हजारांच्या थोडं वर नेतो. 2005 मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा चार हजाराला थोडंसं कमी इतक्या उंचीवर सोडतो. आणि एक किलोमीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे मैदानातून फेज टूच्या टोकापर्यंत आठेक अंशांचा फरक. एकाच ढगातून एकाच वेळी तंगमर्गला पाऊस, मैदानावर ओला गिचका आणि अफरवटवर भुसभुशीत कोरडा बर्फ पडू शकतो. 'बर्फ पुढच्या तिकिटावर असतो' हे धंद्याचं वाक्य आहेच, पण ते हवामानशास्त्राचंही आहे. निसर्ग आणि घोडेवाले यांचं इतकं जमलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

आमच्या गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांच्या फोनमध्ये हवामानाची तीन ॲप होती. एक म्हणे उद्या चाळीस सेंटिमीटर. दुसरं म्हणे दोन. तिसऱ्यात हसरा सूर्य. काकांनी तिन्हींची सरासरी काढून चौदा सेंटिमीटर जाहीर केले आणि वर 'कमी-जास्त होऊ शकतं' असंही सांगितलं. बँकेतली सवय. त्यांना कोण सांगणार, की अशी ॲप ज्या जागतिक गणितांवर चालतात त्यांत पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात, आणि एकेक चौकोन नऊ-दहा किलोमीटरचा, काहींत त्याहून मोठा. एवढ्या चौकोनात गुलमर्गचं मैदान, कोंगडोरी आणि अफरवटचं शिखर एकाच खोलीत कोंबलेल्या वऱ्हाडासारखी झोपलेली असतात. गणित त्या सगळ्यांना मिळून एकच पांघरूण देतं.

श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज मात्र ऐकताक्षणी माहेरचा वाटला: 'तुरळक ठिकाणी हलकी ते मध्यम'. इकडे पाऊस, तिकडे बर्फ, एवढाच फरक. हे तुरळक ठिकाण मी जन्मभर शोधतो आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे नाशकात छत्री विसरलो की मी जिथे असतो ते तुरळक ठिकाण. भाड्याचे गमबूट घालून उभा असलो की ते ठिकाण दुसरीकडे जातं.

हॉटेलचा मॅनेजर मात्र निश्चिंत होता. "चिल्लई कलान चल रहा है," तो म्हणाला. काश्मीरच्या हिवाळ्याचं पंचांग असं: 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे थोरली थंडी. मग वीस दिवस चिल्लई खुर्द, धाकटी. शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चा, शेंडेफळ. 'खुर्द' ऐकताच मला एकदम एसटीच्या पाट्या दिसल्या. आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द! तोच तो फारसी 'खुर्द'. आपण त्याने गावं मोजली, त्यांनी थंडी मोजली. मी बायकोला म्हणालो, "आपण सध्या थंडी बुद्रुकमध्ये आहोत." ती कोटाच्या आतून म्हणाली, "परतीची एसटी कधी आहे?"

पण मॅनेजरचा आवाज नंतर खाली आला. थोरल्या थंडीत पडलेला बर्फ टिकतो. धाकटीत पडला तर लवकर विरघळतो. आणि अलीकडे थोरली कधी कधी हात हलवत येते. 2024 च्या जानेवारीत याच मैदानावर धूळ होती आणि त्याचे फोटो देशभर फिरले. 2025 मध्ये इथल्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. पावसामुळे क्रिकेट थांबलेलं आपण पाहतो. इथे काहीच पडत नाही म्हणून खेळ थांबतो. सगळी भिस्त भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमेकडून येणाऱ्या झंझावातांवर. ते वाटेत कुठे रेंगाळले, किंवा वरच्या वरून निघून गेले, की गुलमर्गात घोडेवाला, स्लेजवाला, गाईड, कोटवाला, सगळे आपल्या शेतकऱ्यासारखे आभाळाकडे बघत बसतात. आपल्याकडे जूनमध्ये केरळकडे डोळे लागतात, इथे डिसेंबरात पश्चिमेकडे.

दुसऱ्या दिवशी बर्फ नसल्यामुळे स्कीइंग शिकायचं ठरलं. हे वाक्य चुकीचं वाटेल, पण बर्फ भरपूर असता तर आम्ही त्यात लोळलो असतो. खरवडलेला एक पट्टा तेवढा उरला होता आणि त्यावर शिकाऊ लोकांचा वर्ग भरत होता. गुलमर्गात स्कीइंगची परंपरा जुनी. इंग्रजांनी 1927 मध्ये इथे स्की क्लब काढला. याच भागातला आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता. आमच्या प्रशिक्षकाने ही माहिती अभिमानाने दिली आणि मग माझ्याकडे बघून उसासा टाकला. स्कीचे बूट म्हणजे पायाला केलेलं प्लास्टर. फरक इतकाच, की इथे प्लास्टर आधी आणि पडणं नंतर. टोकं जुळवून फळ्यांचा त्रिकोण केला की थांबता येतं, असं त्याने सांगितलं. मी त्रिकोण केला. थांबलोही. मात्र आडवा.

आडवं असताना माणसाला बर्फाचं निरीक्षण चांगलं करता येतं. प्रशिक्षक बर्फाच्या जाती सांगत होता, आणि त्या आमच्या टाळक्यात शिरत नव्हत्या. पट्टीचे स्कीइंगवाले ज्या 'पावडर'साठी जीव टाकतात, ती म्हणजे मला कॅरमची. सोंगटी सुळकन जावी म्हणून टाकतात तीच. आणि खरंच, उपयोगही जवळपास तोच. शेवटी बायकोने सूत्रं हाती घेतली. "हे बघा," ती म्हणाली, "ताजा कोरडा पडतो ती पिठीसाखर. पांढऱ्या गोळ्या टपटपतात तो साबुदाणा. उन्हाने वरचा थर विरघळून रात्री पुन्हा कडक झाला की भाकरीचा पापुद्रा, आत पाय गेलाच समजा. रोज थोडा वितळून, पुन्हा गोठून दाणेदार झाला की भरड रवा. दुपारचा पाणीदार गिचका म्हणजे गोळा खाऊन काडीला उरतो तो." संपूर्ण हिमशास्त्र एका फडताळात मावलं. प्रशिक्षकाला 'साबुदाणा' ठाऊक नव्हता. तिने पिशवीतला उपासाचा चिवडा काढून प्रात्यक्षिक दाखवलं. पुढच्या तुकडीला तो हात वर करून "साबूदाना! साबूदाना!" म्हणून शिकवताना मी स्वतः ऐकलं.

एका जातीला मात्र तो हसला नाही. फार दिवस थंडी आणि पातळ थर राहिला की जमिनीलगतचा बर्फ मोकळ्या साखरेसारखा होतो, दाण्याला दाणा धरत नाही. त्यावर नवा जाड थर पडला की तो थर वडीसारखा एकसंध बसतो, पण खाली साखर सुटलेली. ताटाला तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार असेल तर एका माणसाच्या वजनाने अख्खी वडी घसरते. हिमस्खलन ते हेच. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, आणि जगभर सर्वांत जास्त माणसं तिसऱ्या पायरीवर दगावतात. पाचवीला सगळेच घरी बसतात. तिसरीला माणूस 'एवढं काय त्यात' म्हणतो. हे मात्र मला भाषांतर न करता समजलं. आपल्याकडे पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालणारा माणूसही तिसऱ्याच पायरीवर असतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला. आभाळ खाली आलं, अफरवट दिसेनासा झाला, आणि एरवी उत्साहाने अंदाज देणारे सगळे एकदम गप्प झाले. फक्त आमचा स्लेजवाला चाचा नाक वर करून म्हणाला, "आएगा." किती, केव्हा, कुठे, काही नाही. त्याच्या अंदाजात पहिल्यांदाच तिकिटाचा उल्लेख नव्हता, म्हणून मला तो खरा वाटला.

आला. संध्याकाळी आधी साबुदाणा, मग पिठीसाखर. आवाज म्हणून नाही. आपला पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत येतो, दाराशी येऊन ओरडतो. हा पाहुणा अनवाणी आला आणि अख्खं गाव पांढरं करून बसला, कुणाला चाहूल नाही. आमच्या गटातली माणसं, जी विमानात, बसमध्ये आणि गोंडोलात तीन दिवस अखंड बोलत होती, ती खिडकीशी रांगेने उभी राहून गप्प झाली. 'पडला'वाले आणि 'पडलं'वाले शेजारी शेजारी होते. कुणीच क्रियापद वापरलं नाही.

सकाळी गुडघाभर बर्फ. आणि दारात पाटी: जोराचा वारा आणि स्खलनाचा धोका असल्यामुळे गोंडोला बंद. तिकीट होतं तेव्हा बर्फ नव्हता. बर्फ आला तर तिकीट मिळेना. पण आता त्याची गरजच नव्हती. सगळे तिकीट न काढता हॉटेलच्या अंगणात लोळले. बँकवाल्या काकांनी पट्टीने मोजून अठ्ठेचाळीस सेंटिमीटर सांगितले, आणि तो सगळा वितळवला तर साधारण पाच सेंटिमीटर पाणी होईल हा हिशोबही दिला. दहा बोटं बर्फ, एक बोट पाणी. काकांच्या मते हे व्याज अगदीच कमी होतं.

चाचाच्या मते मात्र ती मुदतठेव होती. तंगमर्गखाली त्याची थोडी सफरचंदाची झाडं. सफरचंदाला थंडीचे तास पुरेसे मिळाले नाहीत तर ते फुलायला कुरकुर करतं, आणि डोंगरावर साठलेला हाच बर्फ उन्हाळ्यात पाणी होऊन खाली येतो. तो आज हसत होता. खाली त्याच्या गावात मोसमातला पहिला बर्फ पडला होता. "शीन मुबारक!" तो म्हणाला आणि माझ्या हातात कागदाची एक पुडी ठेवली. अक्रोड असतील म्हणून मी आनंदाने घेतली. उघडली, तर मूठभर बर्फ! अंगणात हशा पिकला. पहिल्या बर्फाची पुडी बेसावध माणसाच्या हातात दिली आणि त्याने घेतली, की त्याच्यावर मेजवानीचं कर्ज चढतं, अशी इथली जुनी रीत. मी हरलो होतो. बायको म्हणाली, "चिवडा संपलाय." मग मी नाशिककराच्या सगळ्या ऐटीत जाहीर केलं, "चाचा, आप को निफाड का अंगूर भेजेंगे. पेटी भरके."

दोन दिवसांनी आभाळ धुतल्यासारखं निळं झालं. पांढऱ्यावर ऊन पडून डोळे दिपत होते. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त उजेड परत फेकतो, त्यामुळे हनुवटीच्या खालूनही माणूस रापतो. मग एका पहाटे साडेपाचला फोन वाजला. नाव बघताच मी अंथरुणात उठून बसलो.

"झालं का समाधान?" दाजींच्या मागे लाकडं तडतडताना ऐकू येत होती.

"दाजी, तिकडे किती आहे?"

"पाच पॉइंट काहीतरी. सगळी वस्ती जागी आहे. धुरानं डोळे चुरचुरतायत. ड्रीप सोडलंय, शेकोट्या पेटवल्यात. मणी पाणी उतरायच्या घाईला आलेत आणि तुम्ही तिकडं फोटो टाकताय. बर्फात झोपलेले."

फोटोत मी झोपलेलो नव्हतो, पडलेलो होतो, पण ही वेळ खुलासा करण्याची नव्हती. ज्या बर्फासाठी आम्ही गाडी, बूट, कोट, घोडा, स्लेज आणि दोन टप्पे अशी सात तिकिटं काढली, त्याची थंडी विनातिकीट निफाडला पोचली होती. मी चाचरत पुडीची, मेजवानीची आणि कबूल केलेल्या पेटीची हकिकत सांगितली.

पलीकडे बराच वेळ नुसती लाकडं तडतडली. शेतकऱ्याला शेतकऱ्याचा हिशोब करायला लागतो तेवढा तो वेळ असावा.

"सफरचंदवाला आहे म्हणता?"

"हो."

"मग पेटी देऊ. वाचली तर चांगली देऊ." दाजी खोकले. धूर असावा. "पण त्याला म्हणावं, पुढच्या वर्षी पुडी नुसती तुमच्या हातात दे. आमच्या बागेत सोडू नको."